एनोलाच्या फ्रीझरमधली मगर

माझ्या भावजयीनं, एनोलानं, फ्रीझरला कुलूप लावलं होतं. आमच्या बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ खाडीच्या, दोन्ही काठांवर फ्रीझर नसलेलं घर शोधून सापडायचं नाही. कोळंबी, खेकडे, बदकं, मासे, ज्या मोसमात जे मिळेल ते साफ करायचं, गोठवायचं आणि वर्षभर पुरवून खायचं. पण त्याला कुलूप लावणारी एनोला एकटीच. चर्चच्या पायऱ्यांवर बायका भेटल्या की मला चिमटे काढायच्या, "काय गं व्हर्ना, तुझी भावजय आत दागिने ठेवते की काय?" मी हसायचे आणि कुणाच्या तरी नातवंडाचा विषय काढायचे.

आत काय आहे ते मला माहीत होतं. सगळ्याच्या तळाशी दुधाचे रिकामे कागदी खोके होते. त्यात मगरीचं मांस होतं, पाण्यात बुडवून दगडासारखं गोठवलेलं. माझ्या भावानं, क्लोव्हिसनं, मारलेली शेवटची मगर.

एनोला मूळची आमच्याकडची नव्हे. तिचं माहेर वर उसाच्या पट्ट्यात, जिथं पाणी म्हणजे शेताकडेचा पाट. लग्न होऊन आली तेव्हा तिनं मगर ताटात सोडाच, जवळूनही पाहिली नव्हती. पहिल्याच सप्टेंबरात आमच्या आईनं तिच्यापुढं एक शेपटी ठेवली, हातात सुरी दिली आणि म्हणाली, "पिवळी चरबी दिसेल तेवढी काढायची. एक कण जरी राहिला तरी तळण उग्र लागतं." एनोलाचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता ही सुरी टाकून माहेरची वाट धरणार. पण तिनं डोळे मिटून घेतले, ओठ हलवून काहीतरी पुटपुटली आणि कामाला लागली. आईनं संध्याकाळी मांस हातात घेऊन उजेडात धरलं, उलटंपालटं केलं, आणि काही न बोलता पुढची शेपटी तिच्यापुढं सरकवली. आमच्या आईच्या तोंडून याहून मोठं कौतुक कधी निघालं नाही.

तेव्हापासून त्या घरात कामाची वाटणी ठरून गेली. क्लोव्हिसनं मगर मारायची, एनोलानं साफ करायची, क्लोव्हिसनं तळायची. तळणं नेहमी घराखाली व्हायचं. आमची घरं उंच खांबांवर, त्यामुळे खालची सावली हीच आमची बसायची जागा. तिथं गॅसची मोठी शेगडी, तिच्यावर आजोबांच्या वेळची बिडाची कढई आणि कढईपुढं क्लोव्हिस, उघडाबंब, गळ्यात टॉवेल. तळताना त्याला कुणी जवळ आलेलं खपायचं नाही. एनोलानं झाऱ्याला हात लावला तर ओरडायचा, "ए, तू तुझं भांडं सांभाळ! शाळेतल्या पोरांना काय ते उकडून घाल." ती शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला होती. ती लगेच उलट टोला द्यायची, "माझी पोरं निदान जेवल्यावर आभार तरी मानतात. तुझे हे मित्र नुसते ढेकर देतात."

त्या मित्रांमधला पहिला म्हणजे ओव्हिद. दर सप्टेंबरात तो आणि क्लोव्हिस एकाच होडीत. पाण्यावर काठ्यांना आकडे टांगायचे, त्यांना वास मारणारी कोंबडी लावायची आणि सकाळी जाऊन बघायचं. ओव्हिद होडी सांभाळायचा आणि दोर ओढायचा, क्लोव्हिस बंदूक चालवायचा. कातडी आणि बरंचसं मांस व्यापाऱ्याकडे जायचं. घरासाठी ठेवलेलं मात्र दोघांत निम्मं निम्मं. ओव्हिदनं लग्न केलं नाही. त्याच्या घरात एक खुर्ची, एक टीव्ही आणि एक म्हातारी मांजर. जेवायला तो बहुतेक एनोलाकडेच असायचा.

त्या वर्षी मोसम संपता संपता दोघांनी एक धिप्पाड मगर आणली. एनोलानं ती साफ केली. क्लोव्हिसनं मांस खोक्यांत भरलं, वरून पाणी ओतलं आणि म्हणाला, "ही आत्ता नाही तळायची. नोव्हेंबरात सर्व संतांच्या सणाला शार्लिन येईल, सगळे जमतील, तेव्हा." शार्लिन म्हणजे त्यांची मुलगी, ह्यूस्टनला असते. सण यायच्या आतच एके सकाळी क्लोव्हिस बूट घालायला पलंगाच्या कडेवर बसला. एक बूट घातला. दुसरा घालायचा राहून गेला.

अंत्यविधीला शार्लिन आली, सगळे जमले. फ्रीझर कुणी उघडला नाही.

पुढं जे झालं ते ओव्हिदच्या वेंधळेपणामुळं झालं. क्लोव्हिसला पुरून महिनाही झाला नसेल, हा एनोलाच्या दारात उभा राहिला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "एनोला, त्या शेवटच्या मगरीतला माझा वाटा तुझ्याकडे राहिलाय." मी आत कॉफी करत होते. एनोलानं त्याच्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं सावकाश दार लावलं, कडी घातली आणि मला म्हणाली, "साखर घालू नकोस माझ्या कॉफीत." दुसऱ्या दिवशी फ्रीझरला कुलूप आलं.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. बंद म्हणजे रस्त्यात भेटले तर मान हलवायची, पुढं जायचं. जेवण नाही, पत्ते नाहीत. मधल्या मध्ये मी. दर मोसमात कुणी ना कुणी एनोलाला ताजी शेपटी आणून द्यायचं. ती पायरीवरूनच परत पाठवायची. "माझ्याकडे आहे," म्हणायची. तीन-चार वर्षं त्या घरात मगर तळली गेली नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी, जेव्हा मटण-कोंबडी चालत नाही आणि गावात घरोघरी मासे नाहीतर मगर, तेव्हा ही अंड्याचं सँडविच खाऊन झोपायची.

मग वादळ आलं.

वादळं आम्हाला नवी नाहीत, पण हे वाईट होतं. सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं. मी आणि एनोला माझ्या ट्रकमधून लाफायेतच्या पलीकडे माझ्या मावसबहिणीकडे गेलो. तिथं सगळे टीव्हीपुढं बसून छपरांची काळजी करत होते. एनोला स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होती. "वीज गेली असेल ना गं आपल्याकडे?"

"एनोला, खांबच राहिले नसतील. वीज कसली विचारतेस?"

"भरलेला फ्रीझर दोन दिवस टिकतो," ती म्हणाली. "झाकण उघडलं नाही तर दोन दिवस."

वारा थांबल्या थांबल्या तिनं मला निघायला लावलं. रस्त्यावर झाडं आडवी, तारा लोंबकळत होत्या, वळसे घेत घेत पोचेपर्यंत दिवस कलला. तिचं घर उभं होतं. माझंही, पोर्च तेवढा उडाला होता. ओव्हिदच्या घराचं अर्धं छप्पर मात्र बायूच्या पलीकडच्या काठावर जाऊन पडलं होतं. तो गावातच राहिला होता, बाथटबमध्ये मांजर पोटाशी धरून.

एनोलानं स्वतःच्या छपराकडे वर मान करून बघितलंसुद्धा नाही. ती सरळ मागच्या खोलीत गेली, कुलूप काढलं आणि झाकण जरासं उचलून हात आत घातला. "कोळंबी मऊ झालीये," ती म्हणाली. मग खांद्यापर्यंत हात खाली घातला. तिचा चेहरा सैल पडला. "खालचं दगड आहे अजून."

क्लोव्हिसचा जनरेटर इतकी वर्षं पडून पडून गंजला होता. मी दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेतला, तो खोकलासुद्धा नाही. तेव्हा एनोलानं जे केलं ते बघून मी थक्क झाले. खोके सोडून बाकीचं सगळं तिनं बाहेर काढलं, घराखाली शेगडी पेटवली आणि बायूवर जे कोणी उरलं होतं त्या सगळ्यांना हाका मारल्या. कोळंबी, खेकडे, दोन बदकं, सॉसेज, सगळं एकाच हंड्यात. भाताचं वेगळं पातेलं. जिच्या फ्रीझरचं कुलूप गावभर चेष्टेचा विषय होतं, तिच्याच घराखाली दोन दिवस गाव जेवलं. सगळ्यांचेच फ्रीझर वितळत होते. जो तो हातात काहीतरी घेऊन यायचा, ते हंड्यात पडायचं.

ओव्हिदही यायचा, पण शेवटच्या खांबापलीकडे, उन्हात, उलट्या बादलीवर बसायचा. एनोला ताट वाढायची आणि माझ्या हातात द्यायची. "दे त्याला."

"तूच दे की. चार पावलं आहेत."

"माझे हात भरलेत."

हातात तिच्या काही नसायचं.

असंच एकदा ताट द्यायला गेले तर त्याच्या पायाशी शीतपेटी दिसली. मांजरीसाठी काही असेल म्हणून झाकण उघडलं. कोमट पाण्यात इन्सुलिनच्या बाटल्या तरंगत होत्या. त्याला मधुमेह आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. दिवसातून दोनदा टोचून घ्यायचा. त्या उकाड्यात लोणी दारात ठेवलं तर तासात तेल होत होतं.

"हे कधीपासून असं आहे?"

"कालपासून. बर्फ संपला."

"मग तोंड शिवलं होतं तुझं? बोलायचंस ना!"

"कुणाला बोलू, व्हर्ना? बर्फ कुणाकडे आहे?" असं म्हणताना आम्हा दोघांचीही नजर एकदमच वर, एनोलाच्या मागच्या खोलीकडे गेली होती. तो घाईघाईनं म्हणाला, "नको. तिला काही सांगू नकोस. एकदा मागून बघितलंय मी."

मी वर गेले. एनोला फ्रीझरवर गोधड्या टाकत होती, जितक्या घरात होत्या तितक्या. मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, गोधडीचं टोक सारखं केलं.

"तो बर्फ नाहीये, व्हर्ना."

"माहितीये मला काय आहे ते. माझा भाऊ होता तो."

"वितळेल ना ते."

"वितळणारच आहे, बाई. वीज यायला महिना लागेल म्हणतायत. आज नाही तर परवा वितळेल."

"मग परवा वितळू दे. इथं, माझ्या घरात वितळू दे."

क्लोव्हिस गेल्यावर ती माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती, आत्ताही रडत नव्हती. नुसती गोधड्यांवर दोन्ही हात ठेवून उभी होती, तापलेल्या पोराच्या अंगावर ठेवावेत तसे. मी खाली आले आणि ओव्हिदला म्हटलं, "चल, ट्रकमध्ये बस. वरच्या गावात कुठंतरी बर्फ मिळेल." पेट्रोल पोचण्याइतकं आहे की नाही याचा हिशोब मी मनात करत होते, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

एनोला छातीशी खोके कवटाळून उतरत होती. ब्लाउज ओला, हात लाल झालेले. शेवटच्या खांबापलीकडची ती चार पावलं चालून ओव्हिदपुढं येऊन उभी राहिली, पेटीतलं पाणी ओतून दिलं आणि खोके आत एकाशेजारी एक लावले.

"बाटल्या टॉवेलात गुंडाळ," ती म्हणाली. "बर्फाला चिकटल्या तर गोठतील नि वाया जातील." मग पेटी त्याच्याकडं सरकवून, "घे. तुझा वाटा मागत होतास ना."

ओव्हिदनं खाली मान घातली. त्याचे कान लाल झाले. "मला मांस नको होतं गं तेव्हा."

"मग कशाला आला होतास?"

"तुझ्याकडं यायचं होतं. तो गेल्यावर मला घरात बसवत नव्हतं. रिकाम्या हातानं येऊन बोलायचं काय? काहीतरी निमित्त पाहिजे ना."

"अरे येड्या," ती म्हणाली, "माणूस निमित्त करून येतो तेव्हा केक घेऊन येतो. वाटा मागायला नाही येत!"

"मला केक कुठं करता येतो?"

मला हसू आवरेना. मी पाठ फिरवून हंड्यात उगाच पळी फिरवत बसले. मागं वळून बघितलं तेव्हा ती त्याच्या शेजारी दुसरी बादली उलटी करून बसली होती. ती मांजरीच्या कानामागं खाजवत होती.

त्या बर्फावर बाटल्या थंड राहिल्या. रोज सकाळी एनोला पेटीतलं पाणी काढून टाकायची, खोके दाबून बघायची आणि झाकण लावायची. मग एकदाचा चर्चच्या मैदानात बर्फाचा ट्रक आला. मी ओव्हिदसाठी दोन मोठ्या पिशव्या आणल्या. त्याच्या औषधाची काळजी मिटली. आणि एनोला पेटीजवळ बसून एक खोका हातात घेऊन दाबत होती. बोटांखाली तो आत दबला, पावासारखा.

"परत बर्फात ठेवायचं का?" मी विचारलं.

"एकदा बर्फ सुटलेलं मांस परत ठेवायचं नसतं," ती म्हणाली. उठली, कपडे झटकले. "कढई कुठाय?"

कढई सामानाच्या खोलीत होती, वाळू आणि गंजानं भरलेली. ओव्हिदनं ती घासून घासून काळी केली, तेल लावून शेगडीवर तापवली, परत घासली. शेंगदाण्याचं तेल गॅलनभर माझ्याकडं होतं. एनोलानं मांस धुतलं, बोटाएवढे तुकडे आडवे कापले, जाडसर होते ते ठेचले. चार वर्षांपूर्वी तिनंच साफ केलेलं ते. चरबीचा एक कण नव्हता त्यात. मांस भिजवायला ताजं दूध कुठून आणणार? कपाटात डब्यातलं आटवलेलं दूध होतं, तेच ओतलं. वर पिवळ्या मोहरीचा सॉस, मिरचीचा सॉस, आणि झाकून ठेवलं. मक्याच्या पिठात मीठ आणि लाल तिखट घालून ते कागदी पिशवीत भरलं.

इथपर्यंत सगळं तिच्या हातातलं. पण कढईत तेल ओतल्यावर ती थबकली. इतकी वर्षं त्या कढईपुढं क्लोव्हिस उभा राहिला होता.

"ओव्हिद, तळ तू."

"मी? मी नुसता ढेकर देणारा. तूच म्हणायचीस."

"तापलं कसं कळायचं?"

"तो आगकाडी टाकायचा तेलात. तिचं डोकं पेटलं की टाक म्हणायचा."

एनोलानं आगपेटीतली काडी तेलात सोडली. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो, न्हाणीत पोर बसवल्यावर बघतात तसं. काडी फिरत राहिली, फिरत राहिली आणि फस्सकन पेटली. एनोला दचकून मागं सरली, मग काडी झाऱ्यानं काढून तिनं पिशवीतले तुकडे कढईत टाकले.

पहिला घाणा वाया गेला. क्लोव्हिससारखं लालभडक व्हायला पाहिजे म्हणून ती बघत राहिली आणि बघता बघता वेळ गेली. मगरीला फार तळलेलं सोसत नाही. ओव्हिदनं एक तुकडा तोंडात टाकला. चावला. परत चावला. मग हात तोंडापुढं धरून कवळी नीट बसवली.

"ही मगर आहे का व्हर्नाच्या ट्रकचा टायर?"

"खायचं तर खा, नाहीतर मांजरीला दे."

"मांजरीनं माझं काय वाकडं केलंय?"

त्याच वेळी रस्त्यावर विजेच्या माणसांचा ट्रक थांबला. इंडियानाहून आले होते, आमचे खांब उभे करायला. उन्हानं भाजून निघालेले सहा-सात जण. वासानं थांबले असावेत. त्यातला एक दांडगा, लाल दाढीचा, नाव लायल, हळूच खांबापर्यंत आला. "बाई, विकायला आहे का?"

"विकायला काही नाही. बसा," एनोला म्हणाली.

"काय आहे हे?"

"कोंबडी," ओव्हिद म्हणाला, डोळा मारत.

एनोलानं झारा त्याच्याकडे रोखला. "माझ्या कढईपुढं खोटं बोलायचं नाही. मगर आहे, बाळा. माझ्या नवऱ्यानं मारलेली. खायची तर खा, नाही तर भात आहे, बीन्स आहेत."

लायलनं टोपी काढली. का काढली ते मला नीट सांगता येणार नाही. तिच्या आवाजात काहीतरी असेल. "खातो मी, मिस एनोला," तो म्हणाला. नाव, आणि आमच्याकडं वडीलधाऱ्या बाईलाही 'मिस' म्हणतात हे, त्यानं मला विचारून घेतलं होतं.

दुसरा घाणा एनोलानं तुकडे तरंगायला लागताच काढला. फिक्कट सोनेरी, क्लोव्हिसच्यासारखा नाहीच. ती तो कागदावर पसरून फुंकर घालत बसली. आमच्याकडं तळणाऱ्यानं पहिला तुकडा खायचा असतो. सगळे थांबले. तिनं एक तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि चावत राहिली, समोर बायूकडे बघत. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती चावतच राहिली. पुसलं नाही, लपवलंही नाही. लायलनं घाबरून मला विचारलं, "तिखट आहे का फार?"

"हो," मी म्हटलं. "फार तिखट आहे."

एनोलानं गिळलं, नाक ओढलं आणि म्हणाली, "तिखट कमीच पडलंय. व्हर्ना, तो डबा दे इकडे." आणि पुढच्या घाण्याच्या पिठात तिनं अशी मूठ सोडली की इंडियानाच्या माणसांनी आमचं सगळं पिण्याचं पाणी संपवलं. पण प्लेटा पुसून पुसून खाल्ल्या. पावाच्या स्लाइसमध्ये घालून खाल्लं, हातानं खाल्लं, उभ्यानं खाल्लं. लायल म्हणाला, इतकं चांगलं त्यानं जन्मात खाल्लं नाही. एनोला म्हणाली, "खोटं. माझ्या नवऱ्याच्या हातचं तू खाल्लं नाहीस म्हणून." मग ती त्याला क्लोव्हिसबद्दल सांगायला लागली. तो तळताना कसा उघडा असायचा, पोटावर तेलाचा थेंब उडाला की कशा शिव्या द्यायचा आणि मग रस्त्यावर धर्मगुरू तर नाहीत ना म्हणून कसा मान वळवून बघायचा. ओव्हिद मधे मधे भर घालत होता. "तेव्हा होडी उलटली ती सांग ना." "ती तूच उलटवलीस!" "मी? तो उभा राहिला म्हणून उलटली!"

क्लोव्हिस गेल्यापासून त्याचं नाव मी त्या घरात इतक्या वेळा ऐकलं नव्हतं. मीही एक-दोन गोष्टी सांगितल्या, लहानपणीच्या. खोके रिकामे झाले. शेवटचे दोन तुकडे उरले तेव्हा एनोलानं ते ओव्हिदच्या ताटात टाकले. तो नको नको म्हणाला आणि खाल्ले.

वीज यायला बरेच आठवडे लागले. फ्रीझर एनोलानं ब्लीचनं धुतला, झाकण उघडं टाकून उन्हात वाळवला, तरी वास गेला नाही, तेव्हा कचऱ्याच्या ढिगावर नेऊन टाकला. नवा घेतला तो लहान. त्यात बर्फ असतो, आइस्क्रीम असतं आणि ओव्हिदच्या घराचं छप्पर होईपर्यंत त्याच्या मांजरीचा खाऊ असायचा. छप्पर झाल्यावरही तो जेवायला एनोलाकडंच येत राहिला. केक मात्र अजून त्याला करता येत नाही. दुकानातून आणतो, आणि खोक्यावरचा दुकानाचा छाप ओरबाडून काढतो. एनोला दर वेळी विचारते, "स्वतः केलास?" तो दर वेळी हो म्हणतो.

पुढच्या सप्टेंबरात मोठीच गंमत झाली. ओव्हिदला होडीत जोडीदार मिळेना. तरुण पोरांना त्याच्या सावकाशपणाचा कंटाळा. एके सकाळी मी खिडकीतून बघते तर एनोला क्लोव्हिसचे रबरी बूट घालून होडीत बसलेली. सत्तरी जवळ आलेली बाई, बूट गुडघ्याच्या वरपर्यंत. मी धावत धक्क्यावर गेले.

"एनोला, वेड लागलंय का तुला? तुला नीट पोहताही येत नाही!"

"मी पोहायला चाललेय का? दोर ओढायला चाललेय."

"आणि मगर वर आली तर?"

"तर ओव्हिद मारेल."

"ओव्हिदला तर चष्म्याशिवाय मी दिसत नाही!"

"चष्मा घातलाय," ओव्हिद होडीतून म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

त्या दिवशी ते रिकाम्या हातानं आले, आकड्यांवरची कोंबडी कासवांनी खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी एक आणली. फार मोठी नव्हती, पण एनोला ज्या ऐटीत धक्क्यावर उतरली त्यावरून वाटावं, ही समुद्र ओढून घेऊन आली आहे. ओव्हिद सांगत होता की बंदूक उडताना तिनं डोळे मिटून घेतले होते. ती म्हणत होती, डोळ्यांत ऊन गेलं होतं.

त्यातलं मांस गोठवायचं नाही, असं तिनं आल्या आल्या सांगितलं. गालाचं मांस सगळ्यात कोवळं, ते आजच, शेपटी उद्या, आणि सगळ्यांना बोलवायचं. तिच्या हातचं तळण आता आमच्या बायूवर सगळ्यांना माहीत झालंय. तिखटजाळ असतं. उपवासकाळात चर्चच्या हॉलमध्ये शुक्रवारी तिला बोलावतात आणि कढईपुढं जमलेल्या पुरुषांना ती झाऱ्यानं मागं सारते. धर्मगुरू तिच्या ताटातलं खाऊन घाम पुसतात आणि परत वाढून घेतात. मला विचाराल तर क्लोव्हिसचं जास्त चांगलं व्हायचं. तसं मी तिला तोंडावर सांगितलंय. "मलाही ठाऊक आहे," ती म्हणाली, "पण तो बटाट्याचं सॅलड विसरायचा. मी विसरत नाही."

विसरत नाही म्हणजे मला करायला लावते. आत्ताही खालून हाक येतेय, "व्हर्ना, बटाटे उकडले का? माणसं यायला लागली!" बटाटे अजून पिशवीतच आहेत. जाते मी.